कार्डावर नसलेला रकाना

नाशिकच्या सिडकोत एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या सानिका आणि मयूरने मिळून एक रोबोट बनवला होता. दोघंही नववीतले. पांढऱ्या फ्लेक्सवर काळ्या चिकटपट्टीने वळणावळणांचा रस्ता आखलेला असायचा आणि कोणी हात न लावता गाडीने तो रस्ता धरून पार करायचा, अशी आंतरशालेय स्पर्धा होती. ती आठवड्यावर आली होती. गाडी सरळ रस्त्यावर छान धावायची, काटकोनातल्या वळणावर मात्र भरकटायची. तेवढंच काय ते जमवायचं राहिलं होतं.

गाडीच्या पुढच्या बाजूला पाच सेन्सर होते. प्रत्येक सेन्सर जमिनीवर इन्फ्रारेड प्रकाश टाकायचा. पांढऱ्यावरून तो परत यायचा, काळ्या पट्टीत जिरून जायचा. त्यावरून रस्ता कुठे आहे ते आर्डुइनो उनो या बोर्डाला कळायचं. इटलीतल्या इव्हरिया गावात २००५ मध्ये विद्यार्थ्यांना परवडेल आणि हाताळता येईल अशा बोर्डांचं काम सुरू झालं, आणि तेच आर्डुइनो आज आपल्याकडच्या शाळांपर्यंत पोचलेलं आहे. पण चाकं फिरवण्याइतका करंट आर्डुइनोला देता येत नाही. म्हणून मध्ये एल२९८एन नावाचा लाल ड्रायव्हर बोर्ड होता. बॅटरी मयूरच्या मोठ्या भावाची. तीन सेलची लिपो, नावाला ११.१ व्होल्टची, पूर्ण चार्ज झाली की १२.६ व्होल्ट देणारी.

ड्रायव्हर बोर्डाच्या कडेला निळ्या रंगाचं टर्मिनल असतं आणि त्यावर ओळीने तीन स्क्रू. पहिल्यात बॅटरीचा प्लस, मधल्यात ग्राउंड, तिसऱ्यात ५ व्होल्ट. तिसऱ्या स्क्रूतून एक बारीक तार आर्डुइनोकडे गेली होती. बॅटरीचे १२ व्होल्ट बोर्डावरच्या रेग्युलेटरमधून जाऊन ५ व्होल्ट होतात आणि तेवढेच त्या बारीक तारेने पुढे जातात. आर्डुइनोच्या आयसीची कमाल मर्यादा ६ व्होल्ट. तिच्यापुढे आयसीची काही हमी नाही.

शुक्रवारी संध्याकाळी वळणाचा सराव चालू असताना पहिल्या स्क्रूतून बॅटरीची तार निसटली. मयूरने गाडी उलटी धरली, मोबाइलच्या उजेडात तार परत बसवली आणि स्क्रू आवळला. गाडी उलटी असल्यामुळे डावं ते उजवं झालं होतं. तार गेली तिसऱ्या स्क्रूखाली, जिथे आर्डुइनोची बारीक तार आधीच बसलेली होती. बटण दाबताच आर्डुइनोचा हिरवा दिवा एकदम प्रखर झाला आणि विझला. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, काळ्या आयसीच्या पाठीतून धुराची बारीक रेघ निघाली. मयूरने बॅटरीचा प्लग ओढून काढला.

"काय केलंस तू हे?" सानिका ओरडली. "एक तार लावायची होती, एक!"

मयूरने वास येणाऱ्या बोर्डाकडे पाहिलं, तार कुठे बसली आहे ते पाहिलं आणि त्याला कळून चुकलं. "माझीच चूक आहे," एवढंच बोलून तो घरी गेला. गाडी आणि बॅटरी सानिकाच्या टेबलावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सानिकाने बॅटरी मयूरच्या हातात दिली. "चार्ज करून ठेव," ती म्हणाली. त्याने घरी जाऊन ती चार्जरला लावली आणि तो परत आला तेव्हा सानिकाची आई ओट्यापाशी चहा गाळत होती. ती आदल्या दिवशी दुसऱ्या पाळीला होती, रात्री उशिरा आली होती. सानिकाने तिच्यासमोर सगळं सांगायला सुरुवात केली. सांगणं कसलं, तक्रारच ती. मयूरने तार कशी उलटसुलट लावली, आता बोर्ड कसा गेला, पैसे कसे गेले, आठवड्यात नवं काही होणार नाही. मयूर दारात उभा होता. त्याने मान वर केली नाही.

आईने चहाचा कप मयूरच्या हातात दिला. "बस आधी. आण गं ती गाडी इकडे."

सानिकाची आई अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला होती. तिथे इन्व्हर्टरचे बोर्ड बनतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती नेमकं काय करते, हे मात्र कोणी कधी विचारलं नव्हतं. तपासणीत नापास झालेले बोर्ड जिथे येतात, त्या टेबलावर ती बसते. बोर्ड का गेला ते शोधणं आणि दुरुस्त होणारा असेल तर दुरुस्त करणं, हे तिचं रोजचं काम. कपाटातून तिने स्वतःचा जुना मीटर काढला, भिंग काढलं आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.

"बॅटरी लावून दाखवू का?" मयूरने विचारलं.

"अजिबात नाही. जळालेल्या बोर्डाला पुन्हा वीज द्यायची नाही. जे वाचलं असेल तेही जाईल. आधी डोळे, मग नाक, मग मीटर. वीज सगळ्यांत शेवटी."

मग तिने वहीचं एक पान फाडलं आणि त्यावर उभ्या रेघा मारून तीन रकाने केले. काय दिसलं, काय मोजलं, काय केलं. "आमच्याकडे नापास बोर्डाबरोबर असं कार्ड येतं," ती म्हणाली. "मला सांगा, काल काय काय झालं. ओळीने सांगा."

मयूरने सांगितलं. गाडी उलटी होती, तार तिसऱ्या स्क्रूत गेली, दिवा प्रखर झाला, धूर आला, प्लग काढला. आईने लिहून घेतलं.

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काही नाही," सानिका पटकन म्हणाली.

आईने तेही लिहिलं.

आधी एकमेकांमधल्या तारा सोडवून आर्डुइनो, ड्रायव्हर, सेन्सर आणि मोटरी वेगवेगळ्या ठेवल्या गेल्या. एकमेकांना जोडलेल्या असल्या की एकाचा दोष दुसऱ्याच्या नावावर दिसतो, असं आई म्हणाली. मग तिने आर्डुइनोवर भिंग धरलं. लांबट काळ्या आयसीच्या मधोमध मोहरीएवढा खळगा पडला होता. मीटर कंटिन्यूइटीवर ठेवून तिने एक टोक ५ व्होल्टच्या पिनला लावलं, दुसरं ग्राउंडला. मीटरने बीप दिला. चांगल्या बोर्डावर तिथे बीप येत नाही. आयसी सॉकेटमध्ये बसवलेली होती. आईने बारीक स्क्रू ड्रायव्हर आधी एका टोकाखाली, मग दुसऱ्या टोकाखाली घालत, एकही पाय न वाकवता ती अलगद उचलली आणि पुन्हा मोजलं. बीप चालूच.

"म्हणजे हिच्या जोडीला आणखी कोणीतरी शॉर्ट आहे," आई म्हणाली आणि भिंग यूएसबीच्या तोंडाजवळ नेलं. तिथल्या चौकोनी आयसीच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा आला होता. "ही लॅपटॉपशी बोलणारी आयसी. हीसुद्धा ५ व्होल्टवरचीच. दोन्ही गेल्या. हा बोर्ड सोडून द्यायचा."

मयूरचा चेहरा उतरला. आईने दुसऱ्या रकान्यात आकडे लिहिले आणि सेन्सर पुढे ओढले. "हे मात्र वाचले असतील. यांच्यातली आयसी एलएम३९३. ती ३६ व्होल्टपर्यंत सोसते." प्रत्येक सेन्सरवर शॉर्ट नाही ना हे आधी मोजून मग तिने मोबाइलच्या जुन्या चार्जरची ५ व्होल्टची वायर त्याला जोडली आणि सानिकाला म्हणाली, "मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू कर आणि यातून बघ." साध्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. कॅमेऱ्यात मात्र सेन्सरच्या टोकाला जांभळट ठिपका चमकला. चार सेन्सरांत तो दिसला, पाचव्यात नाही. दोन्ही मोटरी पेन्सिल सेलवर फिरल्या. तपासणी चालू होती तसतशी मयूरची मान थोडी थोडी वर येऊ लागली. सगळं गेलं नव्हतं. किती गेलं, किती राहिलं, हे आता कागदावर होतं.

शेवटी ड्रायव्हर. ५ व्होल्टच्या बाजूला आईच्या अपेक्षेप्रमाणेच शॉर्ट होतं. ड्रायव्हरच्या मुख्य आयसीला दोन वेगळ्या वाटांनी वीज मिळते. मोटरीच्या वाटेवर ती ५० व्होल्टपर्यंत झेलते, पण हुकूम समजून घेण्याच्या वाटेवर ७ व्होल्टच्या वर नाही. तिथेच १२ पोचले होते. मोटरीच्या बाजूलाही मोजून ठेवावं म्हणून आईने मीटर डायोडवर फिरवला आणि आयसीच्या दोन्ही अंगांना असलेल्या आठ छोट्या काळ्या डायोडांना टोकं लावायला सुरुवात केली. डायोड चांगला असेल तर एका दिशेने साधारण अर्धा व्होल्ट दाखवतो आणि उलट दिशेने काहीच नाही. इथे एकामागून एक डायोड दोन्ही दिशांना बीप देत होते. एकाच्या कडेला भेग होती आणि भेगेतून काजळी बाहेर आली होती.

आई थांबली. तिने मीटर खाली ठेवला आणि मयूरचं म्हणणं लिहिलेला कागद पुन्हा वाचला.

"काल प्लस तार तिसऱ्या स्क्रूत गेली. ग्राउंड जागेवर होतं. बरोबर?"

"हो काकू."

"मग हे डायोड का जळले?"

दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"मोटर थांबताना उलटी वीज मारते. तिला वाट द्यायला हे डायोड असतात. बॅटरी सरळ लागलेली असेल तर ते बंद दारासारखे उभे असतात, त्यांच्यातून काही जात नाही. काल मयूरकडून झालं त्यात आर्डुइनो जाईल, ही मोठी आयसी जाईल. पण या आठ जणांच्या वाट्याला काही येत नाही. ते असे फुटतात फक्त एका वेळी. बॅटरीचे प्लस आणि मायनस उलटे लागले, की आठही डायोडांची वाट एकदम मोकळी होते आणि बॅटरी स्वतःची सगळी ताकद त्यांच्यातून ओतते."

तिने टर्मिनलपासून बॅटरीच्या प्लगपर्यंत जाणाऱ्या तारा बोटांत धरल्या. "आणि या तारा कालच्या नाहीत. सोल्डर अजून चकचकतंय. वरची टेप नवी आहे."

मयूरने तारांकडे पाहिलं. "आपल्या तारा तर दोन्ही लाल होत्या," तो हळूच म्हणाला. काळी तार संपली म्हणून त्यांनी एकाच लाल तारेचे दोन तुकडे वापरले होते. आता तिथे जुन्या स्पीकरची पारदर्शक तार होती.

सानिका टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

आता आई विचारणार, कोणी केलं, असं दोघांनाही वाटलं. तिने तो प्रश्न विचारला नाही. तिचा आवाज एकदम बदलला. "बॅटरी कुठे आहे?"

"आमच्याकडे," मयूर म्हणाला. "चार्जिंगला लावलीय."

"कुठल्या खोलीत?"

"पुढच्या. आजीच्या पलंगाजवळ प्लग आहे ना, तिथे."

आई खुर्ची मागे सारून उठली ती चपलाही न घालता बाहेर पडली. मुलं मागोमाग धावली.

मयूरची आजी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पलंगाच्या कडेला, रजईपासून हातभर अंतरावर, स्टुलावर बॅटरी होती. चार्जरच्या तीन दिव्यांपैकी दोन हिरवे झाले होते, तिसरा अजून लाल. बॅटरीची एक बाजू उशीसारखी फुगून वरचं प्लॅस्टिक ताणलं गेलं होतं. आईने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. मग मयूरला म्हणाली, "आजींना उठव आणि मागच्या दाराने बाहेर ने. घाई करू नकोस, पण थांबूही नकोस." शेजारी बांधकाम चालू होतं. तिथून तिने सानिकाला घमेलंभर वाळू आणायला सांगितली. धूर नाही, फसफस नाही, याची खात्री करून तिने स्वयंपाकघरातल्या लांब चिमट्याने बॅटरी उचलली, घमेल्यातल्या वाळूत ठेवली, घमेलं मोकळ्या पटांगणात भिंतींपासून लांब नेलं आणि वरून आणखी वाळू ओतली. लिपो बॅटरीचा सेल आतून दुखावला असेल आणि त्यात चार्जर करंट ढकलत राहिला, तर ती पेट घेऊ शकते. आणि लिपोची आग साधी नसते. एक सेल पेटला की शेजारचाही पेटतो.

त्या सकाळी आग लागली नाही. वेळेवर पोचल्यामुळे लागली नाही.

आजींना सानिकाच्या घरी बसवून आई पायऱ्यांवर आली, तेव्हा सानिका रडत होती.

"मी केलं," ती म्हणाली. "काल मयूर गेल्यावर. वाटलं, फक्त आर्डुइनो गेला असेल, ड्रायव्हर चालतोय का बघू. बॅटरीच्या तारा काढल्या, दोन्ही लाल. मी उलट्या लावल्या. मोठी ठिणगी उडाली, तारा वितळायला लागल्या. मी प्लग ओढला. मग तारा बदलल्या."

"आणि सांगितलं नाहीस."

"मला वाटलं, आधीच जळलंय. त्यात माझं वेगळं कुठे दिसणार?"

हे ऐकून मयूर उठून उभा राहिला. तो ओरडला नाही, पण त्याचा आवाज कापत होता. "मी काल रात्रभर झोपलो नाही. सगळं माझ्यामुळे गेलं म्हणून. आणि तू आईसमोर मलाच बोलत होतीस."

सानिकाकडे याला उत्तर नव्हतं. उत्तर नसतंच अशा वेळी. ती "हो" म्हणाली, एवढंच.

थोड्या वेळाने मयूर खाली बसला. "काकू, मलाही एक सांगायचंय. सकाळी बॅटरी हातात घेतली तेव्हा ती एका बाजूने मऊ लागली होती. पण मी गप्प बसलो. वाटलं, सांगितलं तर हेही माझ्याच नावावर जाईल."

आई बराच वेळ बोलली नाही. मग तिने खिशातून तो तीन रकान्यांचा कागद काढला.

"आमच्या कार्डावर हे तीनच रकाने असतात," ती म्हणाली. "पूर्वी चौथा होता. कोणाकडून झालं, असा. तो होता तेव्हा कार्डं अर्धी कोरी यायची. सोल्डरिंग करणारी मुलगी लिहायची, 'बोर्ड आला तेव्हाच असा होता.' पॅकिंगवाला लिहायचा, 'माहीत नाही.' एकेक दोष शोधायला दिवस जायचा. मग आमच्या सुपरवायझरबाईंनी तो रकाना काढून टाकला. तेव्हापासून लोक लिहायला लागले, 'हातातून पडला', 'उलटा बसला', 'दोनदा तापवला'. आता तासाभरात दोष सापडतो."

ती सानिकाकडे वळली. "डॉक्टरांना पोटात दुखतंय म्हणून सांगायचं आणि छातीतली कळ लपवायची, तर ते औषध पोटाचंच देणार ना? मला तू अर्धं सांगितलंस. मी त्या अर्ध्यावर विश्वास ठेवून डायोड तपासले नसते, तर आर्डुइनो बदला, ड्रायव्हर बदला, म्हणून मी मोकळी झाले असते. आणि ती बॅटरी तिथेच राहिली असती. तार उलटी लागणं हा गुन्हा नाही. माझ्याकडूनही लागते, मोठमोठ्या इंजिनिअरांकडूनही लागते. तू तुझी चूक मयूरच्या चुकीच्या आड ठेवलीस, ते वाईट. कारण लपवलेली चूक जिथे ठेवली तिथे गप्प पडून राहत नाही. बॅटरीबरोबर ती मयूरच्या घरात गेली, आजींच्या उशाशी."

"आणि तुझ्या ओरडण्याने काय झालं तेही बघ," ती पुढे म्हणाली. "मयूरने बॅटरी मऊ लागल्याचं गिळून टाकलं. ज्याच्या हाताला धोका आधी कळला, त्याचंच तोंड आपण बंद केलं होतं."

मग तिने कागद पायरीवर ठेवला आणि पेन सानिकाच्या हातात दिलं. सानिकाने पहिल्या रकान्यात लिहिलं: दुसऱ्यांदा वीज दिली तेव्हा बॅटरी उलटी लागली, तारा वितळल्या. मयूरने खाली लिहिलं: सकाळी बॅटरी एका बाजूने मऊ. आता कागदावरची गोष्ट आणि बोर्डावरची गोष्ट एक झाली.

त्याच संध्याकाळी दोघं मिळून मयूरच्या भावाकडे गेले आणि बॅटरी का गेली ते त्याला सांगितलं. तो रागावला. रागावणं रास्तच होतं. पण आजीचं नाव निघाल्यावर तो मध्येच थांबला आणि त्याने स्वतःहून सांगितलं, की चार्जर झोपायच्या खोलीत ठेवायची सवय त्यानेच लावली होती.

सानिकाने साठवलेल्या पैशांतून नवा आर्डुइनो आणि नवा ड्रायव्हर आला, मयूरने पाचवा सेन्सर आणला. या वेळी जोडणी आईने सांगितलेल्या क्रमाने झाली. प्लससाठी फक्त लाल तार, ग्राउंडसाठी फक्त काळी. काळी संपली तर काम थांबवायचं, दुसरा रंग वापरायचा नाही. बॅटरीपासून ड्रायव्हरपर्यंत उलटा बसूच शकणार नाही असा एक्सटी-६० प्लग. प्लस तारेत ३ अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज किती मोलाचा, हे आईने आकडे मांडून दाखवलं. गेलेल्या बॅटरीवर २२०० मिलीअँपिअर-तास आणि २५-सी असं छापलेलं होतं. म्हणजे अडवणारं कोणी नसेल तर ती ५५ अँपिअरपर्यंत करंट देऊ शकत होती. गाडीच्या दोन छोट्या मोटरींना मिळून एक-दोन अँपिअर पुरतात. उरलेली ताकद चुकीच्या दिवशीच बाहेर येते आणि तिला रोखायला मध्ये काहीतरी हवं. टर्मिनलवर तीन चिठ्ठ्या चिकटवल्या गेल्या, गाडी उलटी धरली तरी वाचता येतील अशा.

मग पहिली वीज दिली ती लिपोची नाही, पेन्सिल सेलची. काही चुकलंच तर कमी नुकसान व्हावं म्हणून. आर्डुइनोची तार तेव्हा जोडलेलीच नव्हती. आधी मीटर. तिसऱ्या स्क्रूवर ४.९ व्होल्ट. आकडा मयूरने वाचला, सानिकाने कार्डावर लिहिला आणि त्यानंतरच बारीक तार आत गेली. हिरवा दिवा लागला, नेहमीसारखा शांत. सेन्सर एकेक करून जोडले गेले आणि प्रत्येक जोडणीनंतर पुन्हा मोजणं. आधी पाच मिनिटांत उरकायचं ते काम आता तासभर चाललं, पण त्या तासात एकदाही कोणी कोणावर ओरडलं नाही.

स्पर्धेत त्यांचा नंबर आला नाही. काटकोनातलं ते वळण गाडीने एकदा घेतलं, एकदा चुकवलं. परीक्षकांना मात्र गाडीबरोबर ठेवलेलं कार्ड दिसलं आणि ते त्यांनी पूर्ण वाचलं.

या गोष्टीचं तात्पर्य दोघांसाठी आहे. ज्याच्या हातून चूक होते त्याने ती पूर्ण सांगावी, कारण अर्धं सांगितलेलं खोट्याइतकंच घातक असतं. विशेषतः दुसऱ्या कोणाची मोठी चूक समोर पडलेली असते, तेव्हा आपली छोटी चूक तिच्या आड सरकवायचा मोह होतो. नेमक्या त्याच वेळी सांगावं. आणि जो ऐकणारा आहे, मग ती आई असो, शिक्षक असो की कामावरचा वरिष्ठ, त्याने आधी विचारावं, काय झालं. कोणी केलं हा प्रश्न पहिला आला, की त्यापुढची सगळी उत्तरं स्वतःला वाचवण्यासाठी दिली जातात, आणि मग बिघाड सापडत नाही, बळीचा बकरा तेवढा सापडतो. जळालेला बोर्ड पैसे मोजले की नवा येतो. चूक सांगितल्यावर ऐकून घेतलं जाईल, हा विश्वास घरात आणि कामाच्या जागी आधीपासून जपलेला असावा लागतो. तो जपणाऱ्यांच्या घरी धोका वेळेवर कळतो.